पणजोबांची साक्ष

आमच्या घराण्याचा कुलवृत्तांत छापायचे घाटते आहे. ग्वाल्हेरच्या शाखेची माहिती जमवण्याचे काम माझ्या वाट्याला आले. त्यासाठी गेल्या गणपतीत सिटी सेंटरमधल्या चुलत भावाच्या घरी आम्ही पाच-सहा जण जमलो होतो. जन्म, मुंजी, लग्ने, नोकऱ्या असे करत आम्ही पणजोबांपाशी आलो, तेव्हा भावाने वही बाजूला ठेवली आणि म्हणाला, "यांच्याबद्दल एकच गोष्ट लिही. यांनी नानासाहेब पेशव्यांना कैद होऊन जाताना पाहिले होते." मग बाल्कनीतून खाली बोट दाखवून त्याने भर घातली, "इथूनच, या समोरच्या रस्त्याने नेले त्यांना मुरारला." त्याचा नातू तिथेच होता. त्याने विचारले, "आजोबा, ये सच में हुआ था क्या?" भाऊ म्हणाला, "अरे, आपल्या घरची गोष्ट आहे ही."

नातवाचा प्रश्न सरळ होता आणि भावाचे उत्तर प्रामाणिक होते. पण ते त्या प्रश्नाचे उत्तर नव्हते. गोष्ट घरची असणे वेगळे आणि खरी असणे वेगळे. कुलवृत्तांत हा छापील ग्रंथ. आज त्यात जे जाईल, ते पुढच्या पिढ्या पुरावा म्हणून दाखवतील. म्हणून एखाद्या पुस्तकाची समीक्षा करावी तशी पणजोबांच्या साक्षीची समीक्षा करून पाहावी, असे मनाने घेतले. सीमाभागातील आणि महाराष्ट्राबाहेरील बहुतेक मराठी घरांत अशी एखादी साक्ष वंशपरंपरेने चालत आलेली असते. म्हणून हा आमच्या एकट्याच्या घरचा प्रश्न नाही, असे मला वाटते.

ही गोष्ट मी आजीच्या तोंडून १९६० च्या सुमारास लष्करातल्या जुन्या घरात ऐकली. पणजोबा तिचे सासरे. ती त्यांना मामंजी म्हणे. त्यांचा जन्म १८४६ च्या आसपासचा. १८७४ च्या ऑक्टोबरात ते शिंदे सरकारच्या एका कचेरीत कारकून होते. एके दिवशी गावात बोभाटा झाला की नानासाहेब सापडले आणि त्यांना मुरारला नेत आहेत. पणजोबा कचेरी सोडून फुलबागेच्या बाजूला धावले. घाईत चपलेचा अंगठा तुटला, तेव्हा चप्पल हातात घेऊन ते अनवाणीच गर्दीत उभे राहिले. पहाऱ्यातली बंद गाडी आली. वाऱ्याने पडदा क्षणभर उडाला आणि आतला चेहरा दिसला. पणजोबांनी तिथल्या तिथे जमिनीला हात लावून नमस्कार केला. घरी येऊन एवढेच म्हणाले, "श्रीमंतच ते." पुढे इंग्रजांनी तो माणूस नाना नव्हे असे ठरवले. पणजोबा मात्र अखेरपर्यंत म्हणत राहिले की इंग्रज खोटे बोलले. लहानपणी फुलबागेच्या दरबारात आपण श्रीमंतांना जवळून पाहिले होते, ती मुद्रा विसरणे शक्य नाही.

आता पहिला फरक पाहा. आजीच्या गोष्टीत गाडी फुलबागेजवळून जाते. भावाच्या गोष्टीत ती सिटी सेंटरमधून जाते. सिटी सेंटर ही अलीकडची वसाहत. लष्कर आणि मुरार यांच्या मधल्या मोकळ्या पट्ट्यात ती उभी राहिली, आणि तिथे आता दुकाने, बँका, कचेऱ्या आणि फ्लॅट आहेत. भाऊ तिथे राहायला गेला आणि गोष्टही त्याच्याबरोबर तिथे राहायला गेली. यात लबाडी नाही. ऐकीव गोष्ट नेहमी सांगणाऱ्याच्या दाराशी येऊन थांबते. पण एका पिढीत रस्ता बदलतो, तर आधीच्या दोन पिढ्यांत आणखी काय काय बदलले असेल, ही शंका इथेच येते.

शंकेला आधार हवा. म्हणून प्रथम घराबाहेरचा इतिहास थोडक्यात सांगतो.

धोंडोपंत ऊर्फ नानासाहेब यांचा जन्म १८२४ चा, कर्जतजवळच्या वेणगावचा. दुसऱ्या बाजीरावांनी १८२७ मध्ये त्यांना दत्तक घेतले. जानेवारी १८५१ मध्ये बाजीराव ब्रह्मावर्ती वारले आणि कंपनीने आठ लाखांचे वार्षिक वेतन पुढे चालवण्याचे नाकारले. १८५७ च्या जून-जुलैत कानपुरात जे घडले ते सर्वांना ठाऊक आहे. त्यानंतर नानासाहेब गंगेपलीकडे अवधात गेले आणि १८५९ च्या आरंभी नेपाळच्या तराईत उतरले. त्यांना पकडून देणाऱ्यास इंग्रजांनी एक लाख रुपयांचे इनाम लावले होते. एप्रिल १८५९ मध्ये त्यांनी एक इश्तिहारनामा इंग्रजांकडे पाठवला आणि बायकामुलांच्या हत्येचा आरोप नाकारला. त्यांचा निश्चित असा शेवटचा आवाज तो. त्या वर्षाच्या शरदात ते तराईत तापाने वारले अशी बातमी नेपाळकडून आली. पण देह कोणी इंग्रजाने पाहिला नाही, आणि ज्याचा देह मिळत नाही तो लोकांच्या लेखी मरत नाही. पुढची चाळीस वर्षे हिंदुस्थानात नानासाहेब 'सापडत' राहिले.

यांतले सर्वांत गाजलेले 'सापडणे' आमच्या ग्वाल्हेरचे. ऑक्टोबर १८७४ मध्ये जयाजीराव शिंदे यांच्या माणसांनी एका इसमाला पकडले. महाराजांसमोर त्याने आपण नाना आहोत असे कबूल केले. महाराजांनी इंग्रज पोलिटिकल एजंटाला कळवले आणि कैदी त्यांच्या हवाली केला. मुरारला त्या वेळी इंग्रजांची छावणी होती. किल्ला आणि मुरार शिंद्यांना परत मिळाली ती १८८६ मध्ये, झाशी शहराच्या बदल्यात. म्हणजे लष्कराहून मुरारला जाणे हे तेव्हा एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जाणे होते. इंग्रजांच्या ताब्यात जाताच कैद्याने कबुली फिरवली. पुढे त्याला कानपूरला नेले. नानांना पूर्वी पाहिलेली माणसे, देशी आणि गोरी, त्याच्यासमोर उभी केली. त्यांची मते जुळेनात. शेवटी हा नाना नव्हे असा निर्णय सरकारने दिला.

एवढ्यावरून पणजोबांची साक्ष तपासता येते. साक्षीदाराला तीन प्रश्न विचारावेत. त्याने ज्याला ओळखले, त्याला पूर्वी पाहिले होते काय? ओळखले तेव्हा किती आणि कसे पाहिले? आणि त्याच्या मनात आधी काय होते?

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे. बंद गाडी, पहारा, गर्दी आणि क्षणभर उडालेला पडदा. तिसऱ्याचेही सोपे आहे. गाडीत नानासाहेब आहेत हे पणजोबांनी चेहरा पाहण्याआधी ऐकले होते. ते ओळखायला गेले नव्हते, दर्शनाला गेले होते. दर्शनाला गेलेला माणूस मूर्तीची परीक्षा करत नाही.

पण साक्षीचा सगळा भार पहिल्या प्रश्नावर आहे. आपण नानासाहेबांना लहानपणी फुलबागेच्या दरबारात पाहिले होते, असे ते म्हणत. असा दरबार झाला होता, यात संशय नाही. १ जून १८५८ रोजी मुरारजवळ शिंद्यांची फौज फुटली. जयाजीराव आग्र्याला निघून गेले. तात्या टोपे, झाशीच्या लक्ष्मीबाई आणि रावसाहेब यांनी ग्वाल्हेर घेतले. लगेच फुलबागेत दरबार भरला, नानासाहेबांच्या नावाने पेशवाईची द्वाही फिरली, आणि खजिन्यातून फौजेचे पगार वाटले गेले. पुढच्या दोन-अडीच आठवड्यांत सगळे संपले. राणी पडल्या आणि १९-२० जूनला शहर व किल्ला सर ह्यू रोजच्या हाती गेला. पणजोबा तेव्हा बारा वर्षांचे असतील. गावातली मुले तो थाट पाहायला गेली असणार आणि पणजोबाही गेले असतील. त्यांच्या या म्हणण्यावर माझा विश्वास आहे.

मात्र त्या दरबारात नानासाहेब नव्हते. त्या जूनमध्ये ते ग्वाल्हेरला आलेच नाहीत. गंगेच्या पलीकडे अवध-रोहिलखंडाच्या बाजूला होते. पेशवाई जाहीर झाली ती त्यांच्या नावाने आणि त्यांच्या गैरहजेरीत. दरबारात पेशव्यांचा मान स्वीकारणारे होते त्यांचे पुतणे पांडुरंगराव ऊर्फ रावसाहेब. बारा वर्षांच्या मुलाने ज्यांना जवळून पाहिले आणि ज्यांची मुद्रा सोळा वर्षे मनात जपली, ते रावसाहेब होते. १८७४ मध्ये गाडीतल्या चेहऱ्याशी त्याने ताडून पाहिला तो रावसाहेबांचा चेहरा. आणि रावसाहेबांना तर इंग्रजांनी १८६२ मध्येच फाशी दिली होती.

हे ध्यानात आले त्या रात्री मला झोप लागली नाही. पणजोबा खोटे बोलले असते तर मला बरे वाटले असते. खोटे उघडकीला आणता येते आणि विसरताही येते. इथे एका प्रामाणिक माणसाने आयुष्यभर शपथेवर सांगावे अशी साक्ष दिली होती, आणि तिचा पायाच दुसऱ्या माणसावर होता.

ही चूक झाली कशी? माझ्या मते ती एका शब्दात आहे, 'श्रीमंत' या शब्दात. पेशव्यांच्या घराण्यातल्या मोठ्या पुरुषाला मराठी माणूस श्रीमंत म्हणे. फुलबागेत रावसाहेब श्रीमंतच होते. मुलाने घरी येऊन सांगितले असेल, "मी श्रीमंत पाहिले," तर ते अक्षरशः खरे होते. पुढे ग्वाल्हेरात हा शब्द शिंदे महाराजांनाही लागला, आणि आजही जुनी माणसे त्या घराण्याला श्रीमंत म्हणतात. शब्द पदवीचा होता, व्यक्तीचा नव्हता. मुलगा मोठा झाला तोवर रावसाहेबांचे नाव लोकांच्या तोंडून मागे पडले होते आणि नानासाहेबांचे वाढले होते. 'श्रीमंत' या रिकाम्या आसनावर हळूहळू नानासाहेब येऊन बसले. नंतर गोष्ट आमच्या पिढीत हिंदीत गेली. हिंदीत 'श्रीमंत पाहिले' हे जसेच्या तसे जात नाही. तिथे नाव सांगावे लागते. भावाचा नातू शाळेत सांगतो, "हमारे परदादा के दादाजी ने नाना साहब को देखा था." मराठीत जी थोडी संदिग्धता उरली होती, ती हिंदीत साफ झाली. दोन भाषांत राहणाऱ्या आपल्यासारख्या घरांनी हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे. एका भाषेतून दुसरीत जाताना गोष्ट नेहमी एक पाऊल खात्रीकडे टाकते. सांगणाऱ्याला ते कळतही नाही.

साक्षीवर शंका घेण्याची परंपरा मराठीत नाही असे नाही. पानिपतावर सदाशिवरावभाऊ पडले, पण त्यांच्या देहाबद्दल लोकांच्या मनात किंतु राहिला. तेव्हा बुंदेलखंडाकडचा एक कनोजी ब्राह्मण भाऊसाहेब म्हणून उभा राहिला. त्याला ओळखणारे, त्याच्या पायावर डोके ठेवणारे थोडेथोडके निघाले नाहीत. १७७६ मध्ये त्याने कोकणात बंडच केले आणि त्याच वर्षी त्याला देहदंड झाला. 'तोतया' हा शब्द त्या प्रकरणाने मराठीत पक्का केला. न. चिं. केळकरांनी 'तोतयाचे बंड' हे नाटकही लिहिले. पण तोतयासाठी आपल्याकडे शब्द आहे, त्याला भाऊसाहेब म्हणून ओळखणाऱ्या प्रामाणिक माणसासाठी शब्द नाही. सगळा दोष तोतयाच्या पदरात टाकून आपण मोकळे झालो. त्याला ज्यांनी उचलून धरले, त्यांनी काय पाहिले आणि का पाहिले, हे कोणी विचारले नाही.

विलायतेतही तेच. ज्या १८७४ साली ग्वाल्हेरला कैदी सापडला, त्याच सालच्या फेब्रुवारीत लंडनमध्ये टिचबोर्न खटल्याचा निकाल लागला. १८५४ मध्ये समुद्रात बेपत्ता झालेला श्रीमंत घराण्याचा वारस म्हणून ऑस्ट्रेलियातला एक खाटीक पुढे आला होता. प्रत्यक्ष आईने त्याला आपला मुलगा म्हणून ओळखले. पुष्कळांनी शपथेवर तसे सांगितले. कोर्टाने त्याला खोटी साक्ष दिल्याबद्दल चौदा वर्षांची शिक्षा दिली. आईची ओळख जिथे चुकते, तिथे गर्दीतल्या कारकुनाची काय कथा!

तथापि ग्वाल्हेरचे प्रकरण या दोहोंहून वेगळे आहे. भाऊंचा तोतया म्हणत होता, मी तोच. टिचबोर्नचा दावेदार म्हणत होता, मी तोच. ग्वाल्हेरचा कैदी एकदा हो म्हणाला आणि मग सारखा नाही म्हणत राहिला. तो स्वतःहून तोतया झाला नव्हता. त्याला इतरांनी तोतया केले होते. म्हणून त्याच्या बाबतीत साक्षीदाराची जबाबदारी कितीतरी मोठी. तोतयाला खरे मानले तर फार तर एखादी दौलत चुकीच्या हाती जाते. या माणसाला खरे मानले असते तर त्याच्या गळ्यात फास पडला असता.

इथे आमच्या घरच्या गोष्टीतली न बोललेली बाजू समोर येते. पणजोबांचा नमस्कार भक्तीचा होता, यात शंका नाही. पण ते मुरारला जाऊन "होय, हेच श्रीमंत" म्हणाले असते, तर त्या भक्तीने एका अनोळखी माणसाचा जीव घेतला असता. आणि ज्या इंग्रजांना ते खोटे म्हणत, त्यांच्या संशयाने तो माणूस वाचला. इंग्रज खोटे बोलले, हे म्हणणेही तपासायला हवे. सतरा वर्षे ज्याला शोधले, ज्याच्यासाठी लाखाचे इनाम लावले, तो हाती आल्यावर तो नव्हेच असे सांगण्यात त्यांचा लाभ कोणता? नाना सापडला असे जाहीर करणे त्यांच्या सोयीचे होते. सोयीच्या विरुद्ध दिलेल्या निर्णयाला थोडे अधिक वजन द्यावे, हा साधा न्याय आहे.

साक्षीदार पुष्कळ असले म्हणजे सत्य हाती येते, हा दुसरा समज. १८९६ मध्ये लंडनमध्ये अडॉल्फ बेक नावाच्या गृहस्थाला अनेक बायकांनी एकामागून एक ठग म्हणून ओळखले. त्याने शिक्षा भोगली, सुटला, आणि १९०४ मध्ये पुन्हा तशाच ओळखीने पकडला गेला. तो कोठडीत असतानाच खरा ठग दुसरीकडे सापडला. त्या बायका खोट्या नव्हत्या. त्या फसवल्या गेल्या होत्या, आणि पहिलीने ओळखले हे दुसरीच्या कानावर होते. या प्रकरणानंतर १९०७ मध्ये इंग्लंडला फौजदारी अपिलाचे वेगळे कोर्ट झाले.

मग साक्षीवर विश्वास ठेवायचाच नाही काय? तसे म्हणणे अडाणीपणाचे होईल. त्याच काळाची एक मराठी साक्ष आपल्यापाशी आहे आणि ती अमोल आहे. वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ मध्ये घरून निघाले ते ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंद्यांच्या यज्ञात दक्षिणा मिळेल म्हणून. झाशीच्या वेढ्यात ते सापडले, लुटले गेले, आणि गंगेची कावड घेऊन घरी परतले. पंचवीसेक वर्षांनी त्यांनी ते लिहून काढले. चिं. वि. वैद्यांनी १९०७ मध्ये 'माझा प्रवास' फेरफार करून छापले, आणि मूळ पाठ दत्तो वामन पोतदारांनी १९६६ मध्ये प्रसिद्ध केला. म्हणजे खऱ्या साक्षीलाही साठ वर्षे दुसऱ्याच्या लेखणीचे कपडे घालून वावरावे लागले.

विष्णुभटांना आपण का मानतो? ते सगळीकडे बरोबर आहेत म्हणून नव्हे. राणीच्या सरकारने धर्म बुडवण्यासाठी चौऱ्यांशी कलमे काढली, असली शिपायांकडून ऐकलेली हकीकतही त्यांच्या पुस्तकात आहे. पण ती त्यांनी ऐकलेली आहे आणि झाशी पाहिलेली आहे, हे वाचताना कळते. पाहिलेल्या भागात ते स्वतःची भीती लपवत नाहीत, भूक लपवत नाहीत, पैसे कसे गेले ते सांगतात. सांगणाऱ्याचा मोठेपणा वाढवत नाहीत असे तपशील त्यांत जागोजाग आहेत. साक्षीची परीक्षा मी या तपशिलांवरून करतो. ज्या तपशिलाचा सांगणाऱ्याला काही उपयोग नाही, तो बहुधा खरा असतो. जो तपशील त्याला इतिहासाच्या जवळ नेऊन बसवतो, तो दोनदा तपासावा.

हा नियम नानासाहेबांच्या इतर दर्शनांनाही लावून पाहावा. १८९५ च्या सुमारास काठेवाडात एका तरुण इंग्रज अधिकाऱ्याने एका म्हाताऱ्या साधूला नाना म्हणून पकडले आणि कलकत्त्याला तार केली. उलट तार आली की त्याला ताबडतोब सोडा. ही गोष्ट पर्सिव्हल लँडन या पत्रकाराने सांगितली आहे. ती इतकी नेटकी संपते की नेटकेपणामुळेच तिच्याकडे सावधपणे पाहावे लागते. सौराष्ट्रातल्या सिहोरला नानासाहेब साधुवेशात राहिले आणि तिथेच वारले असे सांगतात. के. वि. बेलसऱ्यांच्या ग्रंथात नानासाहेब नैमिषारण्यात राहिले आणि १९०६ मध्ये गोंदवलेकर महाराजांच्या सान्निध्यात त्यांचा अंत झाला असे आहे. श्रद्धेच्या ग्रंथाला मी कोर्टात उभे करू इच्छित नाही. त्याचा हेतू वेगळा आहे. मात्र एकच माणूस तराईत, सिहोरला आणि नैमिषारण्यात असा तीन ठिकाणी मरू शकत नाही. निदान दोन ठिकाणचे प्रामाणिक लोक चुकले आहेत, एवढे गणित तरी मान्य करावे लागते. ज्यूल व्हर्न या फ्रेंच कादंबरीकाराने तर १८८० मध्ये एका कादंबरीत नानासाहेबांना खलनायक करून पुन्हा जिवंत केले. त्याला निदान कादंबरी लिहायची होती.

नानासाहेब पकडले जाऊ नयेत आणि तरी आपल्याला दिसावेत, अशी ही इच्छा आहे. ती आपल्या लोकांत इतकी खोल का? हरलेल्या राजाने मरू नये असे वाटते, हे एक कारण. दुसरे कारण परमुलखातल्या मराठी माणसाचे आहे. आम्ही ग्वाल्हेर, इंदूर, झाशी, सागरची माणसे. घरात मराठी, दाराबाहेर हिंदी. तुमच्याकडे घरात मराठी आणि दाराबाहेर कानडी किंवा तेलुगू असेल. मुले हळूहळू दाराबाहेरच्या भाषेत विचार करू लागतात. तेव्हा इतिहासाशी आपले नाते सांगणारी एखादी गोष्ट घरात असावी असे वाटते. नानासाहेब आमच्या रस्त्यावरून गेले, म्हणजे आम्हीही कोणीतरी आहोत. हे कारण मला कळते आणि ते हसण्यावारी नेण्याजोगे नाही. पण नाते खोट्या दोरीने बांधले तर मूल मोठे झाल्यावर दोरी तुटते, आणि मग त्याचा घरच्या खऱ्या गोष्टींवरचाही विश्वास जातो. भावाच्या नातवाने विचारले होते, हे खरेच झाले का. ज्या घरात या प्रश्नाला उत्तर मिळत नाही, तिथे तो पुन्हा विचारला जात नाही.

मी हे सगळे भावाला सांगितले तेव्हा तो रागावला. "आजीला खोटे ठरवतोस? मामंजींना खोटे ठरवतोस?" मी म्हटले, कोणालाच खोटे ठरवत नाही. शंका घेणाऱ्यालाही स्वतःचा एक मोह असतो. आपण इतरांहून शहाणे आहोत असे दाखवण्याचा. तो माझ्यातही असेल. म्हणून मी पणजोबांची गोष्ट पुन्हा पहिल्यापासून चाळली आणि तिच्यात कशावर हात ठेवून खरे म्हणता येईल ते शोधले.

ते पुष्कळ निघाले. बारा वर्षांच्या एका मुलाने फुलबागेत पेशवाईचा शेवटचा दरबार पाहिला. ज्यांनी तो पाहिला आणि नंतर घरी सांगितला, अशी माणसे आपल्याकडे किती आहेत? रावसाहेबांना जवळून पाहिल्याची आठवण हे लहान धन नव्हे. फक्त आम्ही त्यावर चुकीचे नाव लिहून ठेवले होते. १८७४ मध्ये त्या दिवशी तो कारकून गर्दीत होता, हेही मी मानतो. त्याच्या चपलेचा अंगठा तुटला आणि तो अनवाणी उभा राहिला. या तपशिलाचा गोष्टीला काही उपयोग नाही, पणजोबांचा मोठेपणा त्याने वाढत नाही, आणि तरी तीन पिढ्या तो टिकला. माझ्या नियमाप्रमाणे साक्षीतला सर्वांत विश्वासू शब्द तोच. गाडीत कोणीतरी होते हेही खरे. त्या माणसाविषयी आमच्या घरी इतक्या वर्षांत एकदाही कोणी विचारले नाही. तो नाना नव्हता, मग कोण होता, कोणाचा होता, त्याच्या घरी त्याची वाट पाहत होते काय? नानासाहेबांचा शोध घेता घेता तो माणूस आमच्या डोळ्यांदेखत बेपत्ता झाला.

कुलवृत्तांतासाठी मी असे लिहून दिले: 'यांनी बालपणी, जून १८५८ मध्ये, फुलबागेतील दरबारात श्रीमंत रावसाहेब पेशवे यांना पाहिले. ऑक्टोबर १८७४ मध्ये नानासाहेब समजून पकडलेल्या एका इसमाला मुरारकडे नेताना पाहण्यास ते अनवाणी धावले होते. तो इसम नानासाहेब नव्हता असे पुढे ठरले. यांची श्रद्धा मात्र अखेरपर्यंत वेगळी होती.'

भावाने कागद दोनदा वाचला. नातवाला हाक मारून त्यालाही वाचायला लावला, आणि अडेल तिथे हिंदीत समजावून सांगितला. मग मला म्हणाला, "ठीक आहे, छाप. पण 'अनवाणी' काढू नकोस."

मी म्हटले, तो शब्द काढण्याचा प्रश्नच नाही.